वळण लावलं नाही म्हणून?



"पोरगं एका जागी बसत नाही. आईनं वळणच लावलं नाही!" हे बोलणं आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी आयांनी ऐकलं असेल. मग दृष्ट काढायची, ताईत बांधायचा, नाहीतर दोन फटके द्यायचे. पण अती चंचलपणा हे आजाराचं लक्षणही असू शकतं. हे जगाला कळायलाही वेळ लागला.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरता येत नाही, अशी मुलं त्यांनी पाहिली होती. त्यामागं शरीरातलं कारण असावं, असं त्यांनी मांडलं. पुढं १९१७ च्या सुमाराला युरोपात मेंदूला सूज आणणाऱ्या आजाराची साथ आली. त्यातून वाचलेली काही मुलं एकदम अतिचंचल झाली. आई तीच, घर तेच. बदल झाला होता मेंदूत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजचं नाव ठरवलं, एडीएचडी. म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलता आवरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात पालघरमधून फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीही आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं.

मात्र प्रत्येक वांड पोर आजारी नसतं. डॉक्टर विचारतात: त्रास घरी आणि शाळेत, दोन्हीकडे आहे का? सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे का? बारा वर्षांच्या आधीपासून आहे का? कमी ऐकू येणं, अपुरी झोप, थायरॉईड यांमुळंही मूल अस्वस्थ दिसतं. म्हणून आधी तीही तपासणी होते. काही मुली हुंदडत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात. त्या मागं राहतात, कारण त्यांची तक्रार कुणी करत नाही.

पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. काय दिसतं ते आशाताईंना सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा फोनही मोफत आहे.

बचतगटात पुढच्या वेळी कुणी "वळण नाही" म्हणालं, तर त्या आईच्या बाजूनं एक वाक्य तुम्ही बोला.