सीडीचा कप्पा गेला तेव्हा

लॅपटॉप हलका करायचा तर त्यातून काय काढायचं? तैवानच्या असूस कंपनीनं २००७ च्या ऑक्टोबरात ‘ई पीसी ७०१’ बाजारात आणला आणि उत्तर देऊन टाकलं: सीडी-डीव्हीडीचा कप्पा. सात इंची पडदा, चार जीबी साठवण, वजन किलोच्या आत. खोक्यात मात्र एक डीव्हीडी होती, मशीन बिघडलं तर पूर्ववत करण्यासाठी. ती घालायला त्या मशीनमध्ये जागाच नव्हती. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून त्या डीव्हीडीवरून पेनड्राइव्ह बनवा, असे मार्ग होते. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायची रीत घरोघर पोचायला सुरुवात झाली ती अशी, असं माझं मत आहे.

मी लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप दुरुस्त करतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणत येणारा माणूस लॅमिंग्टन रोडच विचारत येतो. या रस्त्यावर पेनड्राइव्हच्या आधी राज्य होतं फ्लॉपीचं. विंडोज ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी टेबलावर नसेल तर धंदाच होत नसे. १.४४ एमबीची ती चकती, पण तिच्यात केवढी अक्कल भरली होती! विंडोज ९५ च्या फ्लॉपीला सीडी ड्राइव्ह ओळखता येत नसे, हिला येई. दुरुस्तीची हत्यारं फ्लॉपीवर सुटी मावत नसत, म्हणून ती दाबून बसवलेली असत. मशीन सुरू होताच फ्लॉपी रॅममध्ये एक तात्पुरता ड्राइव्ह उभा करी आणि हत्यारं तिथे उलगडे. तो नवा ड्राइव्ह डी हे अक्षर बळकावी, आणि सीडी एक घर पुढे, ई वर सरके. नव्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवावं लागे, नाहीतर ती डी वर सीडी शोधत बसत.

तेव्हाचं मशीन फ्लॉपीवरून किंवा हार्ड डिस्कवरून उठे ते एका छोट्या तुकड्याच्या जोरावर. पहिला सेक्टर, ५१२ बाइटचा. त्याच्या शेवटच्या दोन बाइट ५५ आणि एए असल्या की मशीन सुरू करणारे बहुतेक बायोस समजायचे, इथून सुरू करता येईल. पुढे माध्यमं बदलली, पण प्रत्येक नव्या माध्यमाला जुन्याचं सोंग घ्यावं लागलं. फिनिक्स आणि आयबीएमनं जानेवारी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ नावाची पद्धत ठरवली, तिच्यात सीडी बायोसला फ्लॉपी असल्याचं भासवू शके. पेनड्राइव्हचंही तेच झालं. त्या काळच्या बायोसमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे पर्याय दिसत. एका मशीनवर धडधडीत चालणारा पेनड्राइव्ह शेजारच्या मशीनवर ढिम्म हलत नसे, कारण त्याला वेगळं सोंग हवं असे. कारागिराची परीक्षा तिथे होती.

ॲपलचा मॅकबुक एअर जानेवारी २००८ मध्ये पाकिटातून निघाला, त्यालाही कप्पा नव्हता, आणि यूएसबीचं तोंड एकच. पुढच्या वर्षी विंडोज ७ आलं तेव्हा छोट्या नेटबुकवाल्यांची सोय म्हणून मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्ह बनवायचं साधन दिलं. त्यात जीपीएल परवान्याचा मुक्त कोड वापरल्याचं उघड झालं, म्हणून ते मागे घेऊन डिसेंबरात सोर्स कोडसकट पुन्हा द्यावं लागलं.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली वस्तू म्हणजे २०१० च्या ऑक्टोबरातल्या मॅकबुक एअरच्या खोक्यात आलेला चिमुकला यूएसबी ड्राइव्ह. डीव्हीडींच्या जागी तो, आणि त्यावर काही लिहिता येत नसे, त्यामुळे चुकून पुसला जाण्याची भीती नाही. हलक्या मशीनबरोबर हलकं औषध! वर्षभरात ही पद्धत संपली. मॅकच्या २०११ च्या ‘लायन’ आवृत्तीपासून रिकव्हरी डिस्कवरच्या वेगळ्या भागात गेली, नाहीतर इंटरनेटवरून यायला लागली. इतर कंपन्याही डिस्कवरच्या भागावर भिस्त ठेवून होत्याच. मला हे कधीच पटलं नाही. डिस्क मेली की तिच्यावरची रिकव्हरीही तिच्याबरोबर जाते. कित्येक हलक्या लॅपटॉपमध्ये तर साठवण बोर्डावरच डकवलेली असते, काढून दुसरीकडे लावताही येत नाही. म्हणून नवं मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात पेनड्राइव्ह बनवायला लावतो.

बनवण्यातली आजची अडचण वेगळी आहे. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयला खात्रीनं वाचता येतो तो फॅट३२ चा पेनड्राइव्ह, आणि फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य फाइल अनेकदा तेवढी मोठी असते. पीट बटार्ड यांनी २०११ मध्ये आणलेलं ‘रूफस’ यावर छान तोड काढतं: मोठ्या एनटीएफएस भागाशेजारी एक इवलासा फॅट भाग ठेवतं, मशीन तिथून उठतं आणि मग मोठ्या भागाकडे वळतं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुने हलके लॅपटॉप लिनक्स टाकायला टेबलावर येतात. त्यांतले पहिल्या पिढीचे नेटबुक ३२-बिट आहेत. डेबियन या लिनक्सनं १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर बंद केला, म्हणून डेबियन १२ चा पेनड्राइव्ह मी वेगळा ठेवतो आणि दर काही महिन्यांनी लावून तो उठतोय ना, हे बघतो.