वेसाव्याच्या बत्त्या

डोल मासेमारीला दिवस-रात्र कळत नाही. समुद्रात रोवलेल्या खुंटांना डोल बांधलेली असते, ओढीच्या पाण्याबरोबर बोंबील, जवळा तिच्यात शिरतो आणि पाणी फिरायच्या आत ती उपसावी लागते. भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पंधरवड्यात कधी ना कधी हे काम काळोखात येतंच. अंधेरीच्या पश्चिमेला, आमच्या वेसावे कोळीवाड्यात होड्यांच्या बत्त्या दुरुस्त करण्यात माझी हयात गेली ती या काळोखामुळेच.

आज्याच्या होडीवर रॉकेलचा कंदील असे. वारा आला की ज्योत काच काळी करी. गॅसबत्ती लग्नाला, हळदीला निघायची. बर्लिनच्या एहरिश अँड ग्रेट्झ कंपनीची पेट्रोमॅक्स ती. तिच्या मेंटलला लागणारं थोरियम काढायला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू जर्मनीला जात असे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून गॅसबत्ती मला परकी वाटलेली नाही.

बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आमची बी.एस.ई.एस., १९२९ साली स्थापन झाली आणि उपनगरांत खांब उभे राहू लागले. पण तार किनाऱ्यावर थांबते. पुढे समुद्रात उजेड न्यायचा तर तो सेलमध्ये भरूनच न्यावा लागे. बापाकडे दोन सेलची एव्हरेडीची बॅटरी होती. बल्ब अडीच व्होल्टचा. सेल महाग, म्हणून डोलीचा बोया दिसेपर्यंत ती पेटवायची नाही, असा त्याचा नियम होता. डोळ्यांना काळोखाची सवय झाली की पाण्यावरचा बोया दुरून ओळखू येई. उजेड जपून वापरणं हाही त्या पिढीच्या कसबाचा भाग होता, असं मला ठाम वाटतं.

होड्यांना डिझेल इंजिनं बसली तशी बारा व्होल्टची वायरिंग आली आणि माझा धंदा खरा सुरू झाला. इंजिनाच्या थरथरीने बल्बची तार तुटायची. मग जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी बनवला, त्यावर पिवळा फॉस्फर चढवून १९९६ मध्ये पांढरा आला. निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं. एलईडीत तुटायला तारच नाही. होडीवर काम करणाऱ्याला या एका गोष्टीचं मोल विचारा.

होडीच्या पंख्यात दोर अडकला की कोणाला तरी पाण्यात उतरावंच लागतं. त्यासाठी काही नाखव्यांनी मुंबईच्या दारूखान्यातल्या जहाजतोडीच्या मालातून बुडी मारणाऱ्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणल्या होत्या. अंग भक्कम, आत चार जाडे सेल, सहा व्होल्ट, पण बल्ब मिळेनासे झालेले. त्यांत एलईडी बसवायचं काम माझ्या आवडीचं. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट पुरतात, म्हणून मध्ये करंट आवरणारा ड्रायव्हर लागतो. बल्ब आपली उष्णता काचेतून पुढे फेकतो, एलईडीची मागे साठते. तिला तांब्याच्या चकतीवरून धातूच्या अंगात आणि तिथून पाण्यात वाट करून द्यावी लागते. अंग प्लास्टिकचं असेल तर करंट कमीच ठेवावा. शेवटी रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि सेल न घालता बॅटरी रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची. थेंबभर ओल दिसली तरी मी ती परत देत नाही, कारण ती माणसाच्या हातात पाण्याखाली जाणार असते.

तरुण पोरं जास्तीत जास्त उजेड मागतात. वेसाव्याच्या खाडीचं पाणी गढूळ. तिथे रुंद, प्रखर झोत गाळावर आपटून डोळ्यांवर परततो आणि धुक्यात हेडलाइट लावल्यासारखी पांढरी भिंत उभी राहते. अरुंद झोतात दोर कुठे गुंडाळलाय ते दिसतं.

हाच एलईडी जनरेटरवर, शेकड्यांनी, खोल समुद्रात मासे वर ओढायला पेटवतात. पर्ससीनवाले त्या उजेडाभोवती जाळं टाकतात आणि वाढ न झालेली पिल्लंही त्यात येतात. डोल जागची हलत नाही; पाणी जे आणील तेच तिच्या वाट्याला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये उजेडावरच्या अशा मासेमारीवर बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. तरी ती थांबावी म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना पुन्हा पुन्हा आवाज उठवावा लागतो. तसल्या वायरिंगसाठी माझ्याकडेही विचारणा झाली. मी ते काम घेतलं नाही, आणि ज्या दोन पोरांना हे काम शिकवतोय त्यांनाही तेच सांगून ठेवलंय.