तालीम व स्नायुस्वास्थ्य, कोल्हापुरातील

कुस्ती शिकण्याची व मेहनत करण्याची जागा म्हणजे तालीम. कोल्हापुरात ही संस्था जुनी असली, तरी तिला खरा बहर राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) कारकीर्दीत आला. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती आल्यावर त्यांनी मल्लांच्या खुराकाची व राहण्याची सोय केली. स्वतः तेही कुस्ती खेळलेले होते. १९०२ च्या यूरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. मध्यभागी आखाडा व सभोवार चढत गेलेली बैठक अशी रचना असलेले हे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी इ. तालमींचे नाव पुढे महाराष्ट्रभर झाले.

तालमीतील दिनक्रम पहाटे सुरू होतो. हळद, ताक, तेल व लिंबू मुरविलेली लाल माती खोऱ्याने उकरणे हाच पहिला व्यायाम. त्यानंतर लढती, शेकड्यांनी जोर व बैठका, मग मालीश, खुराक व झोप. या क्रमात विश्रांतीला मेहनतीइतकेच स्थान आहे. नवख्या पठ्ठ्याची मेहनत वस्ताद हळूहळू वाढवितो. त्यामागील शरीरशास्त्र वस्तादांना ठाऊक नव्हते, तसे ते त्या काळी कोणत्याही वैद्यालाही ठाऊक नव्हते.

स्नायूचे आकुंचन ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट या संयुगाच्या ऊर्जेवर चालते. दीर्घ श्रमात लागणारा त्याचा बहुतेक पुरवठा कोशिकांतील (पेशींतील) तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, ऑक्सिजनाच्या साहाय्याने करतात. या कार्यातील सायटोक्रोम ही रंगद्रव्ये डेव्हिड केलिन यांनी केंब्रिज येथे १९२५ मध्ये प्रकाशात आणली. कीटकांच्या उड्डाणस्नायूंचा त्यांना विशेष उपयोग झाला. त्याच विद्यापीठात कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी वनस्पतींच्या ऊतकांतही सायटोक्रोम-सी असल्याचे दाखविले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. बटाटा आणि पहिलवानाचा दंड यांची श्वसनाची यंत्रणा मूलतः एकच आहे, हे या मराठी विदुषीच्या कार्यातून स्पष्ट झाले.

विश्रांतीचे मोल कोल्हापूरच्या एका मल्लाच्या उदाहरणात दिसते. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव (१९२६–८४) यांनी १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी प्रदीर्घ झुंज दिल्यावर नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएट संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी लढावे लागले, आणि त्यांची बाजू मांडण्यास भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. जोरकस झटापटीत स्नायूंतील क्रिएटीन फॉस्फेटाचा साठा आटतो व अम्लता वाढते. हा साठा तंतुकणिकांनीच पुन्हा भरावा लागतो आणि अम्लता ओसरण्यासही वेळ लागतो. तो अर्धा तास म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता.

मेहनतीने स्नायूंत नेमके काय बदलते, हे १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले : अनेक आठवडे धावविलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची श्वसनक्षमता सु. दुप्पट झाली. मालिशीविषयी समजूत अशी होती की, तिने लॅक्टिक अम्ल निघून जाते. २०१२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी अकरा तरुणांच्या श्रमलेल्या मांड्यांचे परीक्षण केले, तेव्हा तसे आढळले नाही. मात्र मालीश केलेल्या मांडीत शोथाचे (दाहयुक्त सुजेचे) संकेत मंदावलेले व नव्या तंतुकणिका घडविणारे संकेत वाढलेले दिसले. प्रयोग लहान असला, तरी मालीश हा केवळ ऐषाराम नव्हे, या तालमीतील समजुतीला त्याने पुष्टी मिळते.

तंतुकणिका व शोथ यांचा संबंध त्यांच्या उगमाशी पोहोचतो. त्या प्राचीन जीवाणूंपासून आल्या, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडले व ते आता मान्य झाले आहे. त्यांचे स्वतंत्र, वर्तुळाकार डीएनए जीवाणूंच्या डीएनएसारखेच असते. गंभीर इजेत ते रक्तात सांडले की, शरीर त्याला जंतुसंसर्ग समजून शोथ उत्पन्न करते, हे २०१० मध्ये अमेरिकेत दाखविण्यात आले. बिघडलेल्या तंतुकणिकांतूनही असे घटक व हानिकारक मुक्त मूलके कोशिकेत पाझरतात. रेंगाळलेला शोथ स्नायूंतील प्रथिने झिजवितो व तंतुकणिकांना आणखी दुबळे करतो. कारण व परिणाम असे एकमेकांत गुंतत जातात.

पहिलवानाच्या आयुष्यातील कसोटीचा काळ म्हणूनच कुस्ती सुटल्यानंतरचा असतो. मेहनत थांबताच तंतुकणिकांची मिळविलेली क्षमता काही आठवड्यांतच ओसरू लागते. पण दूध, तूप, बदाम व मटण यांचा खुराक सवयीने तसाच राहतो. उरलेली ऊर्जा मेद म्हणून साठते आणि पोटातील मेद स्वतः शोथाचे उगमस्थान बनतो. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावर राजाश्रय संपला आणि कुस्तीनंतरच्या चरितार्थाचा प्रश्न अधिक बिकट झाला. तालमीने मल्ल घडविण्याची पद्धत बारकाईने रचली. त्याला निवृत्त करण्याची पद्धत मात्र तितक्या बारकाईने रचली नाही. वस्ताद होऊन जे हौद्यात उतरत राहिले, त्यांचे अंग हलते राहिले. व्यायामाला प्रतिसाद देण्याची स्नायूची शक्ती वयाने नष्ट होत नाही : १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सु. नव्वद वर्षांच्या वृद्धांनी आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम केल्यावर त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक झाले.