धुराची वाट

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महामार्गाला लागले की 'चुलीवरचे मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दिसू लागतात. शेतघर बांधणारे लोक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हौसेने मातीची चूल घालून घेतात. वाडा मोडला की त्यातला तांब्याचा बंब आणि पितळेचा स्टोव्ह आता मोडीत जात नाहीत, उजळून पुन्हा मांडले जातात. ही ओढ मला चांगली वाटते. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली वस्तू वजनावर विकली जाण्यापेक्षा कुणाच्या तरी घरात पुन्हा पेटावी हे केव्हाही बरे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या कापूसपट्ट्यातून, जिथे चूल अजून रोजच्या कामाची आहे, तिथून या पुनरुज्जीवनाकडे पाहिले की एक मोठी उणीव नजरेत भरते. चूल परत आणली जाते, पण तिचा धूर ज्या वाटेने जायचा ती वाट कुणी परत आणत नाही. ती वाट म्हणजे चुलीचा अर्धा भाग होता, आणि तो वगळून केलेली दुरुस्ती अपुरीच नव्हे तर घातक आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी जुनी चूल होती तरी कशी ते पाहू. चिकणमाती, कुटार आणि शेण एकत्र तुडवून केलेला तीन बाजूंनी बंद असा हा उंचवटा. पुढे जळण सारायला तोंड, वर भांडे टेकायला तीन उभार, आणि बाजूला वैल. मुख्य चुलीतली आच एका भोकातून वैलात जाते आणि तिथे वरण किंवा दूध मंद आचेवर राहते. एका जाळावर दोन भांडी बसवण्याची ही सोय कोणत्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची आहे. जळण म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या. कापसाचा हंगाम सरला की पऱ्हाटी उपटून तिच्या गंजी रचायच्या आणि त्या वर्षभर पुरवायच्या. पऱ्हाटी झटकन पेटते आणि झटकन संपते, म्हणून बसलेल्या बाईला ती सारखी आत सारावी लागते आणि तिचा चेहरा चुलीच्या तोंडापासून फार लांब जाऊ शकत नाही. मग धूर कुठे जायचा? तो वर जायचा. बांबूच्या ताटव्यांवर कवेलू एकावर एक अलगद ठेवलेले असायचे. त्यांच्या शेकडो फटींमधून तो झिरपत बाहेर पडायचा. धाब्याच्या घरात छपराला साणे ठेवलेले असायचे, उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून. जाता जाता हा धूर कामही करायचा. आढ्याच्या लाकडाला आणि बांबूला कीड लागू द्यायचा नाही, आणि पुढच्या पेरणीसाठी चुलीवर टांगलेली ज्वारीची कणसे किडीपासून राखायचा. म्हणजे घराचे छप्पर हेच चुलीचे धुराडे होते. चूल जमिनीवर होती, पण तिची बांधणी आढ्यापर्यंत पोचलेली होती.

याचा अर्थ जुने स्वयंपाकघर निरोगी होते असा नाही. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळचा धूर मोजला, तेव्हा समोर आलेले आकडे इतके मोठे होते की घरातला धूर हा जगभर सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. डोळे चुरचुरणे आणि जुनाट खोकला घराघरांत होता. पण त्या छपराखाली धूर कोंडून राहत नव्हता, एवढा फरक खरा. आज हीच चूल सिमेंटच्या स्लॅबखाली, बंद खिडक्यांच्या खोलीत घातली की ती जुन्या चुलीची प्रतिकृती उरत नाही. जुन्या चुलीपेक्षा वाईट अशी एक नवीच वस्तू तयार होते.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा येतो. चुलीला धुराडे नव्हतेच, ते लावणे म्हणजे परंपरेत भेसळ, असे म्हणतात. त्याचे उत्तर बंबातच आहे. बंबाच्या पोटात मधोमध एक उभी नळी असते. तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसे टाकायचे. खालच्या जाळीतून राख पडते आणि हवा आत येते, धूर नळीतून सरळ वर निघतो आणि जाताना भोवतीच्या पाण्याला आपली उष्णता देत जातो. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते, ही गोष्ट तांबटाला पक्की ठाऊक होती. ज्या घरात असा बंब होता त्या घराला धुराडे परके कसे म्हणायचे? आणि दुरुस्तीच्या दृष्टीने बंब फार काही शिकवतो. जुना बंब हातात घेतला की बाहेरून तो नुसता काळवंडलेला दिसतो. खरी झीज आत, त्या नळीत असते. आचेने तिचा पत्रा पातळ होतो, जाळीजवळचा जोड सुटतो, पाणी राखेत गळू लागते. बाहेरचे तांबे चिंचेने घासून लखलखीत करणे हे एका दुपारचे काम. नळीला डाग देणे किंवा ती बदलणे याला कसबी तांबटच लागतो. दिवाणखान्यात मांडलेल्या बहुतेक बंबांचे बाहेरचे काम झालेले असते, आतले राहून जाते.

चुलीच्या आतल्या कामाचा विचार राळेगावपासून फार दूर नाही, वर्धा नदीच्या पलीकडेच झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याची आपली बाग त्याला दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ती मगनवाडी झाली. गांधीजी सेगावला जाईपर्यंत तिथेच राहत होते. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. घाणी, हातकागद, मधमाशा आणि गूळ यांच्या बरोबरीने चूल हाही तिथे अभ्यासाचा विषय झाला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, आणि १९४० च्या दशकात मगनवाडीची निर्धूर चूल 'मगन चूल' या नावाने देशभर माहीत झाली. तिची रचना साधी होती. चुलीचे तोंड एकच. आच आतल्या बोगद्यातून आडवी जात एकापाठोपाठ एक भांड्यांखालून सरकते आणि उरलेला धूर भिंतीलगतच्या धुराड्यातून छपराबाहेर पडतो. वैलाचे तत्त्व पुढे नेऊन त्याला छपराची जोड दिली, असे मी म्हणेन. याच वाटेने पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी आपली चूल घडवली आणि १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली. म्हणून धुराड्याची चूल हा बाहेरून आलेला फेरफार नव्हे. विदर्भाच्या वारशाचाच तो एक टप्पा आहे, आणि वारसा जपायचा तर तो टप्पा गाळून चालणार नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो खरा आहे. धुराड्याची ओढ जास्त झाली तर आच भांड्याला न लागता निघून जाते, जळण जास्त लागते आणि मागचे भांडे कोमटच राहते. धुराड्याच्या अनेक चुलींवर ही टीका झाली आणि ती योग्यच होती. पण दोष धुराडे असण्याचा नव्हता, मापांचा होता. बोगदा किती उंच, भांड्याचे बूड आचेच्या किती जवळ, धुराड्याआधी आच अडवणारी झडप आहे की नाही, यावर सगळे ठरते. ही मापे पाळणे हाताच्या अंदाजावर सोडले की प्रत्येक चूल वेगळी होते. १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, देशभरात साडेतीन कोटींच्या घरात चुली बसवल्याचे सांगितले गेले, आणि तरीही त्यातल्या कितीतरी लवकरच मोडल्या किंवा बाजूला पडल्या. त्याचे एक कारण हेच. पुण्याच्या 'आरती' संस्थेने 'लक्ष्मी' चुलीसाठी साचा दिला तो याचसाठी. साच्यात माती ठोकली की आतला मार्ग ठरल्या मापाचाच उतरतो आणि गावचा कुंभारही ती चूल विकू शकतो.

दुसरे कारण निगेचे. जुन्या चुलीला रोज पोतेरे फिरायचे. तडा दिसला की त्याच दिवशी मातीचा हात लागायचा. नव्या चुलीच्या धुराड्याला मात्र कुणी हात लावत नसे, कारण त्याची सवय नव्हती. ओडिशात सुमारे २६०० कुटुंबांचा कित्येक वर्षे पाठपुरावा करून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की धुराड्याच्या नव्या चुलींमुळे पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण काजळी न काढल्यामुळे आणि दुरुस्ती न झाल्यामुळे तो लाभ पुढे टिकला नाही. काही लोक यावरून मातीच्या चुली सुधारण्यात अर्थ नाही असे म्हणतात. मी उलट म्हणतो: निगा हा चुलीचा भागच आहे, आणि तिची व्यवस्था न लावता चूल वाटणे म्हणजे नळी न तपासता बंब उजळणे.

चवीचा मुद्दा पाटी लावणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा. पण झाकलेल्या पातेल्यात खोलीतला धूर शिरत नाही. मटणाला येते ती चव मंद, लांबलेल्या आचेची. भाकरीला येते ती तापलेल्या तव्याची, आणि तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवल्याची. धुराड्याने यातले काहीच जात नाही. जातो तो एवढाच, चुलीपुढे बसलेल्या बाईचा खोकला. ढाब्यावर हे विशेष लागू आहे, कारण घरातली चूल दोन वेळा पेटते, ढाब्याची दिवसभर.

गॅस आला, आता चुलीची चर्चा कशाला, असेही विचारले जाते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यांत पोचले, हे मोठेच काम झाले. तरी आंघोळीचे पाणी, लग्नकार्याचा स्वयंपाक, सिलिंडर भरायला पैसे नसलेला आठवडा, हे सगळे चुलीवरच येते, कारण पऱ्हाटी फुकट आहे. कृषी विभाग सांगतो की पऱ्हाटीच्या गंजी घराजवळ साठवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते. २०१७ साली बोंडअळीने केलेले नुकसान यवतमाळ जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. तरी गंजी दिसतात, कारण दुसरे जळण नाही. चूल गेलेली नाही, म्हणून तिचे शास्त्रही जायला नको.

चुलीची आठवण काढणे म्हणजे बाईच्या कष्टांचा गौरव करणे, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. बिनधुराड्याच्या चुलीची हौस असेल तर तो पूर्ण खरा आहे. जो हौसेने चूल घालतो त्याने स्लॅबला भोक पाडायची, कमी वळणांचे धुराडे छपराच्या वर नेण्याची, त्याच्या पायाशी काजळी काढायला झाकण ठेवण्याची आणि पावसाळ्याआधी ते साफ करण्याची तयारी ठेवावी. ओटा उभ्याने काम करता येईल इतका उंच असावा. हा खर्च चुलीच्या मातीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि जुने छप्पर हे काम न मागता करत होते.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. वऱ्हाडातले रोडगे धुराड्याच्या चुलीत होत नाहीत. गोवऱ्यांचा आर पेटवून, तो खाली बसला की कणकेचे गोळे त्यात पुरायचे, उलटत राहायचे, मग राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. त्यासाठी उघडा विस्तवच लागतो. म्हणून रोडग्यांचा बेत शेतात, नाहीतर देवळासमोरच्या मोकळ्या जागेत होतो.