कॅसेट कशी आहे, दादा?

किल्ले धारूर म्हटले की लोकांना आदिलशाहीतला किल्ला आठवतो, बालाघाटातले सीताफळ आठवते आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारे कोयते आठवतात. या गावाने १९९०च्या दशकात आणखी एक गोष्ट नेमाने केली. ती कुठल्या गॅझेटियरात सापडणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. धारूरने व्हिडिओ गेमची पारख केली. गेमला गुण देणारी मासिके जगात तेव्हा जोरात होती, पण त्यातले एकही घाट चढून आमच्याकडे आले नाही. तरीही प्रत्येक कॅसेटचा निकाल इथे लागायचा. माझ्या थोरल्या भावाचे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि तिथे कॅसेटी भाड्याने मिळत. शाळा सुटली की मी त्याच्या हाताखाली बसे. तो निकाल कसा लागे, हे मी जवळून पाहिले आहे.

आधी यंत्राविषयी. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडो कंपनीने जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे घरगुती गेमचे यंत्र बाजारात आणले. त्याच सुमारास अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळत होता. त्याची कारणे अनेक होती. खोक्यावर सुंदर चित्र आणि आत निकृष्ट खेळ, हे त्यातले एक. ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा गेम १९८२च्या नाताळात विकायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो जेमतेम पाच आठवड्यांत करून द्यावा लागला. न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ साली तिथे खोदकाम झाले, तेव्हा त्या खरोखरच बाहेर निघाल्या. विकत घेण्याआधी आत काय आहे हे सांगणारा भरवशाचा माणूस नसला की गिऱ्हाईक एकदा फसते, दोनदा फसते आणि मग दुकानाची पायरीच चढत नाही.

आमच्याकडे आली ती या फॅमिकॉमची नक्कल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, मग औरंगाबाद आणि तिथून एसटीच्या टपावरून धारूर. पिवळ्या, काळ्या, निळ्या प्लास्टिकच्या कॅसेटी. त्यांवर करणाऱ्याचे नाव नाही, माहितीपत्रक नाही, आणि चित्र कधी कधी भलत्याच खेळाचे. एकीवर ‘९९९९ इन १’ असे ठळक छापलेले. दादा अशी कॅसेट आली की रात्री दुकान बंद करून यंत्राला लावायचा आणि यादी वरपासून खालपर्यंत चाळायचा. पाच-पन्नास ओळींनंतर तोच मारिओ पुन्हा यायचा, फक्त दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा. तोच रणगाडा वेगळ्या नावाने यायचा. खरोखर वेगळे खेळ किती, ते दादा मोजायचा. मग वहीच्या कागदाची पट्टी कापून, डिंकाने कॅसेटच्या पाठीवर चिकटवून, निळ्या शाईने लिहायचा: ‘खरे खेळ इतके. दोघांचे इतके. बंदुकीचा एक.’ पुढच्या बाजूला कारखान्याचा दावा आणि मागच्या बाजूला दादाचा निकाल. धारूरमधली गेमची पहिली लेखी समीक्षा मी तीच मानतो.

पोरे काउंटरला लटकून विचारायची, “दादा, ही कशी हाय? दोघांना खेळता येती का? लाईट गेल्यावर काय व्हतं?” या तीन प्रश्नांत आमचे सगळे समीक्षाशास्त्र होते.

लाईटचा प्रश्न सर्वांत मोठा. भारनियमनाचे दिवस होते. ‘सुपर मारिओ’ आणि ‘काँट्रा’ यांत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती, वीज गेली की सगळे पहिल्यापासून. ‘मेगा मॅन २’ मात्र प्रत्येक टप्प्यानंतर पाच-बाय-पाच चौकटींवर लाल ठिपक्यांचा पासवर्ड दाखवायचा. तो गणिताच्या वहीत उतरवून घेतला की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता यायचे. भाडे तासावर असल्यामुळे त्या ठिपक्यांना पैशाची किंमत होती. म्हणून हा अवघड खेळ आमच्याकडे मानाने नेला जायचा. ‘काँट्रा’ तरला तो दोघांनी मिळून खेळता येतो म्हणून, आणि तीस जीव देणाऱ्या त्या प्रसिद्ध बटणक्रमामुळे. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे. हा क्रम पाढ्यासारखा पाठ असलेली मुले दर गल्लीत होती.

दुसरी कसोटी टीव्हीची. बहुतेक घरांत चौदा इंची कृष्णधवल संच. ‘डॉ. मारिओ’ या खेळात लाल, पिवळ्या आणि निळ्या गोळ्या रंगाने जुळवायच्या असतात. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्या एकमेकींसारख्याच करड्या दिसत. दादाच्या पट्टीवर त्यासाठी स्वतंत्र ओळ होती: ‘कलर असेल तरच न्या.’ उलट ‘डक हंट’ची बंदूक उजेड ओळखून चालते, रंगाशी तिला देणेघेणे नाही. त्यामुळे बदके कृष्णधवल संचावरही पडायची आणि ती कॅसेट कोणाच्याही घरी बेधडक देता यायची. जपानी अक्षरांनी भरलेले, गोष्ट वाचत जायचे खेळ मात्र एका दिवसात परत यायचे. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही; ते आमच्यासाठी बोलत नव्हते.

उन्हाळ्यात कोयते गावी परतले की काउंटरवरची गर्दी वाढायची. सहा महिने बाहेर राहिलेल्या पोरांना कोणती कॅसेट चालली, कोणती पडली, हे इथली पोरे सांगायची. सांगणारा ओळखीचा असायचा. चुकीचे सांगितले तर संध्याकाळी त्याच ओट्यावर त्याला गाठता यायचे. दादालाही तसेच गाठता यायचे. निकाल देणाऱ्याला तोंड होते, हीच त्या पद्धतीची ताकद होती.

जपानमध्येही सुरुवात अशीच झाली होती. १९८६ साली ‘फॅमित्सू’ हे नियतकालिक निघाले आणि त्याच वर्षी त्यात चार समीक्षकांचा निवाडा सुरू झाला. प्रत्येकाचे दहापैकी गुण, प्रत्येकाचे दोन शब्द, बेरीज चाळीसपैकी. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते थेट १९९८ साली, ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ला. या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती. चौघांत मतभेद झाले तर ते छापले जात. एकाने नऊ दिले आणि दुसऱ्याने पाच, तर वाचक दोघांची बाजू वाचून आपला माणूस निवडू शकत होता.

२००१ साली अमेरिकेत ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सुरू झाले. जगभरच्या समीक्षकांचे गुण गोळा करून ते शंभरपैकी एक आकडा काढू लागले. कोणाच्या मताला किती वजन, हे मात्र त्यांनी उघड केले नाही. सोय मोठी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आकड्यात कोण कोणत्या पडद्यावर खेळला, कोणाला काय खटकले, हे विरघळून गेले. मग आकडा वाचकाच्या हातून व्यापाऱ्याच्या हातात गेला. २०१०च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’चे उदाहरण प्रसिद्ध आहे. तो करणाऱ्या स्टुडिओला ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता आणि गेम ८४वर थांबला. ही गोष्ट त्या स्टुडिओतले क्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितली. एका गुणाने कारागिरांचे पैसे गेले, आणि तो गुण नेमका कोणी कापला, हे कोणालाही दाखवता येत नाही. याची उलटी बाजू म्हणजे समीक्षक जेफ गर्स्टमन. २००७ साली ‘केन अँड लिंच’ला स्वतःच्या नावाने दहापैकी सहा दिल्यावर त्यांची नोकरी गेली; त्याच गेमची जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर झळकत होती. नावानिशी मत देण्याची किंमत असते. म्हणूनच त्या मताला वजन येते.

आता आपल्या दारात या. २०२० साली पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला, ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वळणाचे वाडे, छायाबाहुल्यांचे प्रसंग. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. परदेशी समीक्षकांनी चित्र-संगीत वाखाणले. लढाई ताठर आहे, खेळ लवकर संपतो, असे म्हटले. सरासरी सत्तरीच्या आसपास राहिली. मी तो खेळलो आहे आणि लढाईबद्दलचे त्यांचे म्हणणे मला पटते. पण गेममधल्या देवळाच्या भिंतीवरची पुराणकथा जिने आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्या खेळाडूला तिथे काय वाटते, हे सांगणारा त्या सरासरीत कोणी नव्हता. ते काम आपले होते.

आपल्याला ते जमणारे आहे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहिले, माधव मनोहरांनी नाटकांची परीक्षणे लिहिली. त्यांचे मत न पटणारेही ते वाचत, कारण मत कोणत्या कानाचे, कोणत्या नजरेचे आहे हे ठाऊक असे. नाटक, सिनेमा, गाणे, पुस्तक, सगळ्यांना मराठीत समीक्षक मिळाला. गेमला अजून तसे घर मिळालेले नाही, आणि आज धारूरमध्ये हातात मोबाइल नसलेले पोर शोधावे लागते. आईबापांना फक्त ‘खेळू नको’ म्हणता येते, कारण ‘हा खेळ, तो नको’ म्हणायला लागणारी माहिती त्यांच्या भाषेत कोणी लिहीत नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. मराठी वृत्तपत्रांनी आणि दिवाळी अंकांनी गेमच्या परीक्षणाला कायमची जागा द्यावी. आकडा द्यायचा तर द्यावा, पण खाली नाव असावे. कोणत्या यंत्रावर, किती वेळ खेळलो, पैसे कोणी भरले, हे लिहिलेले असावे. दोघांना खेळता येतो का, वीज किंवा नेट गेल्यावर काय होते, पुढे पैसे मागतो का, मुलाला एकट्याला द्यावा का, याची उत्तरे असावीत. काउंटरला लटकलेली पोरे जे विचारत होती, तेच आजही विचारण्यासारखे आहे, आणि उत्तर देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्यांना तोंड द्यायला तयार असले पाहिजे.