येवला येथील स्मारके
येवला हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, पैठणीमुळे सर्वपरिचित. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे (रामचंद्र पांडुरंग) यांचे हे जन्मगाव. त्यांचा पुतळा येथे असला, तरी त्यांचे कर्तृत्व घडले दूर उत्तरेत. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी झाली. येथील दुसरे स्मारक असलेल्या ‘मुक्तिभूमी’चे तसे नाही, तिची घटना याच मातीतली. नाशिकच्या काळाराम मंदिरप्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडेना. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष धर्मांतर २१ वर्षांनी, नागपुरात झाले. दरवर्षी १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर अनुयायी मोठ्या संख्येने जमतात.