गर्भारपणात शुगर निघाली होती? मग ॲपच्या आधी फोनमध्ये या तारखा टाका

गर्भारपणात वाढलेली शुगर बाळंतपणानंतर बहुतेक जणींची आपोआप खाली येते. फाइल कपाटात जाते आणि विषय संपला असं घरात सगळ्यांना वाटतं. पण २०२० साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, गर्भारपणात शुगर नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे १० पट असतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे औषधांचं सोडून देऊ आणि फोन इथे नेमका कुठे कामी येतो तेवढंच पाहू.

ॲपने मधुमेह टळतो का?

अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम असं लक्ष्य होतं. गर्भारपणात शुगर झालेल्या स्त्रियांमध्ये त्यामुळे धोका जवळपास निम्मा झाला. मात्र त्यांचं ते बाळंतपण होऊन सरासरी १२ वर्षं झाली होती आणि सोबत प्रशिक्षक होते.

भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत १,६०१ नव्या आयांवर असाच प्रयोग झाला. गटसत्रं, भेटी आणि दुरून संपर्क असं सगळं होतं. २०२२ साली निकाल आला, तेव्हा दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. अंगावर पिणारं बाळ असताना पावलं मोजायला वेळ कुणाला असतो?

पण याच अभ्यासातला दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या तपासणीत, म्हणजे बाळंतपणानंतर साधारण साडेसहा महिन्यांनी, जवळपास ९ टक्के जणींना मधुमेह झालेलाच होता. म्हणून फोनचं पहिलं काम तपासणीची आठवण करून देणं हे आहे.

कॅलेंडरमध्ये काय टाकायचं?

१. बाळंतपणानंतर ६ आठवडे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी रक्ततपासणी. २ तासांचा आकडा १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे सावध, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. बाळाची ६ आठवड्यांची लस याच सुमारास असते, तेव्हा दोन्ही कामं जोडता येतात. उपाशीपोटी यायचं का, हे आधी फोन करून विचारा. या वेळी एचबीए१सी वर विसंबू नका; बाळंतपणातल्या रक्तस्रावामुळे तो आकडा फसवा येऊ शकतो.

२. बाळाचा वाढदिवस: ‘दरवर्षी पुन्हा’ असा रिमाइंडर लावा. रिपोर्ट चांगला आला तरी तपासणी आयुष्यभर, दर १ ते ३ वर्षांनी लागते. किती अंतराने, ते डॉक्टर सांगतील.

३. पुढच्या बाळाचा विचार सुरू झाला की: आधी शुगर तपासा.

हे काम यंत्रणा का करत नाही?

सरकारची ‘किलकारी’ सेवा गर्भवतींना आणि आयांना दर आठवड्याला माहितीचा कॉल करते, पण बाळ एक वर्षाचं झालं की कॉल थांबतात. प्रोग्रॅमरच्या भाषेत, ही नोंद बाळाला जोडलेली आहे, आईला नाही. ऑस्ट्रेलियात २०११ पासून अशा स्त्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तपासणीची आठवण तिथून येते. आपल्याकडे तोवर ही नोंदवही आपल्याच फोनमध्ये ठेवायची.

ॲप घ्यायचंच असेल तर

- नेट नसतानाही रिमाइंडर वाजतो का?
- रिपोर्ट पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का, खातं पुसता येतं का?
- फोन घरात सगळे वापरत असतील तर ॲपला लॉक आहे का?
- स्वतःहून गोळी बदलायला सांगणारं ॲप असेल तर लगेच काढून टाका.

शेवटचं काम दोन मिनिटांचं: गर्भारपणातल्या शुगरच्या रिपोर्टचा फोटो काढून नीट नाव देऊन ठेवा. पाच वर्षांनी नवे डॉक्टर विचारतील तेव्हा कपाटातली फाइल सापडेलच असं नाही.